मुलांची निवड आणि आईबापांचा धर्म



ज्येष्ठ सरत आला की वारकऱ्याच्या घरी लगबग सुरू होते. पताका धुतली जाते, टाळांच्या दोऱ्या बदलल्या जातात, पडशीत काय घ्यावे याची बोलणी होतात. अलीकडे याच दिवसांत अनेक घरांत दुसरीही एक लगबग असते. बारावीचा निकाल लागलेला असतो, प्रवेश परीक्षांचे गुण हाती आलेले असतात, आणि मुलाला वा मुलीला पुढे कोठे घालावे याची चिंता घरभर पसरलेली असते. एका खुंटीवर टाळ, तर शेजारच्या खुंटीवर दाखल्यांची पिशवी, असे दृश्य आम्ही आमच्या खापरखेड्यात घरोघर पाहतो.

गेल्या वर्षी आषाढीच्या आधी एके संध्याकाळी भजन आटोपल्यावर आमच्या मंडळातील एक टाळकरी मागे थांबला. हा गृहस्थ सिल्लेवाड्याच्या कोळसा खाणीत कामाला आहे. वीस वर्षांत त्याची वारी चुकलेली नाही. तो म्हणाला, "बुवा, यंदा मी वारीले येऊ का नोको, सांगा. पोरीचा फॉर्म भराचा हाये. म्या तिले डॉक्टर कराचं ठरोलं होतं. मार्क कमी पडले. म्हनलं, येक वर्ष अजून क्लास लावतो, फंडातून पैसे काढतो. तं थे म्हन्ते, बाबा, मले शेतकीचं शिकाचं हाये. दोन दिस झाले, पोट्टी माह्याशी बोलत नाही."

त्याने आम्हांस विचारले वारीचे. परंतु त्याच्या मनातील प्रश्न वेगळा होता. मुलांच्या आयुष्याची दिशा ठरविण्याचा अधिकार कोणाचा? आईबापांनी जन्म दिला, पोटाला चिमटा घेऊन शिकविले, मग त्यांचे ऐकावे की नाही? आणि मुलांच्या मनावर सोडावे, तर सतरा वर्षांच्या लेकराला जगाची काय समज असणार? हा प्रश्न नुसता प्रवेशाचा नाही, धर्माचा आहे. म्हणून या मासिकात त्याचा विचार करणे आम्हांस योग्य वाटते.

प्रथम आमच्या गावाविषयी दोन शब्द. खापरखेडा हे सावनेर तालुक्यातील गाव, नागपूरच्या उत्तरेस, कोलार नदीच्या काठी. येथील वीज केंद्रात २१० मेगावॉटचा पहिला संच १९८९ साली सुरू झाला. आज चार संच २१० चे व एक ५०० चा, असे मिळून १३४० मेगावॉट वीज निर्माण होते. सभोवती कोळशाच्या खाणी. कोणाची जमीन प्रकल्पात गेली, कोणी कंत्राटी कामगार, कोणी वसाहतीत राहणारा कायम नोकर. ज्याने आयुष्यभर राख आणि कोळसा अंगावर घेतला, त्याला आपल्या लेकराने पांढऱ्या कपड्यात राहावे असे वाटले तर त्यात नवल ते काय? या इच्छेस आम्ही दोष देत नाही. परंतु हीच इच्छा केव्हा प्रेम असते आणि केव्हा मोह होते, हे मात्र बापाला स्वतःला कळत नाही. आम्हांसही कळले नव्हते.

तेच येथे सांगतो, कारण दुसऱ्यास उपदेश करण्यापूर्वी आपले माप पदरात घेतले पाहिजे. आमचा थोरला मुलगा लहानपणापासून पंखे, मोटारी उघडून बसे. दहावीनंतर तो म्हणाला, मला आयटीआयमध्ये विजेचे काम शिकायचे आहे. आम्ही त्यास गप्प केले. १९८३ पासून महाराष्ट्रात खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांस परवानगी मिळाली आणि पुढे नागपूरभोवती अशी महाविद्यालये पुष्कळ निघाली. ओळखीतल्या ज्याचा त्याचा मुलगा इंजिनीअर होत होता, मग आमचाच का नको? बारावीनंतर आम्ही त्यास एका महाविद्यालयात घातले. पसंतीचा अर्ज आम्ही भरला, सही तेवढी त्याची. दुसऱ्या वर्षी तो विषयांत अडकला आणि निकाल त्याने घरी सांगितलाच नाही. एके रात्री तो परत आला नाही. ती रात्र आम्ही दोघा नवराबायकोंनी कशी काढली, ते पांडुरंगासच ठाऊक. सकाळी तो धापेवाड्यास विठ्ठलाच्या देवळाच्या पायरीवर बसलेला सापडला. आम्ही विचारले, घरी का आला नाहीस? तो म्हणाला, "बाबा, तुम्ही लोकायले सांगता का विठोबा कोनाले वापस धाडत नाही. म्हून इथं आलो. घरी येवाची भीती वाटली."

सज्जनहो, जन्मभर कीर्तन ऐकले, परंतु या एका वाक्याइतके काही आमच्या काळजास लागले नाही. ज्या घरात रोज हरिपाठ होतो, त्या घरच्या लेकराला देवळाची पायरी घरापेक्षा जवळची वाटावी, यात देवळाचा मोठेपणा असेल. पण घराचा कमीपणा निश्चित होता. पुढे त्याने ते शिक्षण सोडले, आयटीआय केले, आज मोटारी भरण्याचे छोटे दुकान चालवितो. तो सुखी आहे. पण त्याची तीन वर्षे आणि आमचा त्याच्यावरचा हक्क, दोन्ही त्या अर्जात गेले.

आता शास्त्राकडे वळू. भगवद्गीतेचा आरंभ एका बापाच्या प्रश्नाने होतो. तो बाप आंधळा आहे. पहिल्याच श्लोकात धृतराष्ट्र विचारतो की, माझ्या मुलांनी आणि पांडूच्या मुलांनी काय केले. सगळे युद्ध त्या एका 'माझ्या' शब्दात आहे. मुलावर प्रेम करणे हा त्याचा अपराध नव्हे. मुलाचे हित कशात आहे ते त्याला दिसत नव्हते, आणि सांगणारे विदुरासारखे असूनही त्याने ऐकले नाही, हा अपराध. माऊलींनी शके १२१२ मध्ये नेवाश्यास गीतेचा अर्थ मराठीत सांगितला, तेव्हा पुत्रमोहाने घेरलेल्या या बापाचे दर्शन त्यांनी आरंभीच घडविले आहे.

आणि शेवट कसा? अठराव्या अध्यायात सर्व ज्ञान सांगून झाल्यावर भगवंत अर्जुनाला म्हणतात की, हे गुह्यातले गुह्य तुला सांगितले. याचा पूर्ण विचार कर आणि मग तुझ्या इच्छेस येईल तसे कर. पाहा, सांगणारा प्रत्यक्ष परमात्मा. त्याने आज्ञा केली असती तर अर्जुनाची नाही म्हणण्याची काय छाती होती? तरी त्याने निवड अर्जुनावर सोपविली. आंधळ्या बापाच्या 'माझे' या शब्दापासून भगवंताच्या 'तुझी इच्छा' या शब्दापर्यंत गीतेचा प्रवास आहे. आमच्या मते आईबापांनी करावयाचा प्रवासही एवढाच आहे.

तर मग आईबापांनी हात झटकून मोकळे व्हावे काय? मुळीच नव्हे. श्रीकृष्ण अर्जुनाचा सारथी होता, आणि सारथ्याची कामे पुष्कळ आहेत.

पहिले काम दाखविण्याचे. अर्जुन म्हणाला, माझा रथ दोन्ही सैन्यांच्या मध्ये ने, मला पाहायचे आहे. भगवंताने रथ तेथे नेऊन उभा केला. लांबूनच सांगितले नाही की, पाहायचे काय त्यात, मी म्हणतो म्हणून लढ. आम्ही त्या टाळकऱ्यास विचारले, तू मुलीला घेऊन शेतकीचे महाविद्यालय पाहिलेस काय? त्याने नाही म्हटले. त्याच्या मनात शेतकी म्हणजे कोरडवाहू दोन एकर आणि सोसायटीचे कर्ज. नागपूरचे कृषी महाविद्यालय १९०६ पासूनचे आहे, आता ते अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत आहे, चार वर्षांची पदवी आहे, माती, बियाणे, कीड, फळबागा यांचा तेथे अभ्यास होतो, हे त्यास माहीत नव्हते. महाराजबागेत त्याने मुलीला लहानपणी वाघ दाखविला होता. ती बाग याच महाविद्यालयाकडे आहे, हेही ठाऊक नव्हते. आम्ही म्हटले, आधी जाऊन पाहा, मग भांड.

दुसरे काम सांगण्याचे, आणि खरे सांगण्याचे. घरची ऐपत मुलांपासून लपवू नये. कर्ज किती निघेल, फंडात किती आहे, धाकट्याचे काय करायचे आहे, हे सतरा वर्षांच्या मुलाला कळते. न सांगितले तर त्याला वाटते, बाप कंजूष आहे किंवा बाप राजा आहे. दोन्ही खोटे. तसेच बाहेरचेही खरे सांगावे. २०२४ साली वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेस देशभरात २३ लाखांहून अधिक मुले बसली, आणि एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाहून कमी. त्यांपैकी सरकारी फीच्या जागा आणखी कमी. म्हणजे जी लाखो मुले राहिली ती सगळी आळशी किंवा मंद नव्हती; जागाच तेवढ्या होत्या. हे ज्या घरी बोलले जात नाही, तेथे मूल सगळा दोष स्वतःच्या अंगावर ओढून घेते.

तिसरे काम शिदोरी बांधण्याचे. वारीला निघताना आपण घोंगडी, औषध, तांब्या आठवण करून घेतो. जातीचा दाखला, जात पडताळणी, नॉन-क्रीमीलेअर, उत्पन्नाचा व अधिवासाचा दाखला ही मुलांच्या वाटेची शिदोरी होय. ऐन मुदतीत तहसिलीत गर्दी होते, आणि एका कागदासाठी हाती आलेली जागा जाते. हे सगळे मूल अकरावीत असतानाच करून ठेवावे. मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. २०२४ पासून महाराष्ट्र शासनाने, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या घरांतील मुलींना केंद्रीय प्रक्रियेतून मिळालेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क माफ केले आहे. तेव्हा "पोरीच्या जातीले इतकं शिकवून काय कराचं" असे म्हणणाऱ्याने निदान पैशाचे निमित्त सांगू नये. जनाबाई, मुक्ताबाई, सोयराबाई यांचे अभंग डोक्यावर घ्यायचे आणि घरच्या मुलीला पुण्याच्या वसतिगृहात पाठवायला कचरायचे, ही विसंगती आपल्या वारकऱ्यांच्या घरांतही आहे. ती कबूल केली पाहिजे.

चौथे काम सोडण्याचे. अभियांत्रिकीच्या प्रवेशात असा नियम आहे की, पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले तर ती जागा आपोआप पक्की होते. मग मागे फिरता येत नाही. म्हणून पहिल्या ओळीत काय लिहायचे, याला फार महत्त्व. ती ओळ मुलाने लिहावी. आईबापांनी शेजारी बसावे, चूक दिसली तर बोट दाखवावे, पण ती ओळ आपण लिहू नये. भगवंतानेही युद्धात शस्त्र हाती न धरण्याचे वचन दिले होते, बाण अर्जुनाचेच.

आणि पाचवे, सर्वांत अवघड, रथातून न उतरण्याचे. निवड अर्जुनावर सोडली म्हणून भगवंत निघून गेले नाहीत. अठरा दिवस लगाम धरून पुढे बसले. "तुझ्या मनाचं केलंस ना, आता तुझं तू पाहा" असे म्हणणारा बाप निवड देत नाही; तो फक्त आपला राग उशिरा काढतो. मूल नापास झाले, निवड चुकली, तरी घराचे दार उघडे आहे हे त्यास आधीच सांगून ठेवावे, निकालाच्या दिवशी नव्हे. सरकारी नोंदींप्रमाणे २०२२ या एका वर्षात आपल्या देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आपला जीव दिला. त्यांपैकी किती जणांना घरी जाण्याची भीती वाटली असेल, हे मनात आले की आम्हांस धापेवाड्याची ती पायरी आठवते. मूल गप्प झाले, जेवेनासे झाले, झोपेनासे झाले, तर अंगारे-धुपाऱ्यात वेळ घालवू नये. जवळ बसावे, विचारावे, डॉक्टरास दाखवावे. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे, मराठीतही बोलता येते.

येथे कोणी म्हणेल, बुवा, हे नव्या काळाचे बोलणे झाले. आपल्या संतांच्या घरी बापाचा शब्द मोडत नसत. तसे नाही. देहूच्या बोल्होबांनी म्हातारपणी संसार व वाण्याचा व्यवहार थोरल्या सावजीवर सोपवावयाचे मनात आणले. सावजी विरक्त, त्यांनी नाही म्हटले. बोल्होबांनी त्यांच्यावर सक्ती केल्याचे परंपरा सांगत नाही. मग तो भार तेरा वर्षांच्या तुकोबांनी आनंदाने उचलला. आता पुढे पाहा. ज्याने बापाचे ऐकले, त्याचाही व्यवहार १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात बुडाला. म्हणजे बापाचे ऐकले की भले होते आणि न ऐकले की वाटोळे होते, असा हिशेब देवाच्या दुकानात नाही. फळ कोणाच्याच हाती नाही. म्हणूनच निवड ज्याची त्याने करावी, म्हणजे दुःख आले तरी दुसऱ्यास बोल लावण्याचे विष त्यात राहत नाही.

पैठणच्या नाथांची गोष्ट आपण कीर्तनात ऐकतोच. त्यांचे चिरंजीव हरिपंडित संस्कृताचे मोठे विद्वान. बापाने मराठीत पुराण सांगावे, हे त्यांस रुचेना. ते घर सोडून काशीस गेले. नाथ स्वतः त्यांस आणावयास गेले. मुलाने अटी घातल्या, मराठीत पुराण सांगायचे नाही, परान्न घ्यायचे नाही. एवढा अधिकारी पुरुष, पण त्यांनी त्या मान्य केल्या. पुढे अनुभवाने हरिपंडितांस आपली चूक उमगली. नाथांनी वादात मुलास हरविले नाही. त्याला त्याचे त्याला कळेपर्यंत धीर धरला. आपणांस मात्र निकालाच्या संध्याकाळपर्यंतही धीर धरवत नाही.

दुसरी शंका अधिक खरी आहे. अर्जुन जाणता वीर होता. सतरा वर्षांचे पोर मित्र गेला म्हणून कोठेही जाते, मोबाईलवर काही पाहून मन बदलते. कबूल. म्हणूनच दाखविणे आणि सांगणे ही कामे आधी ठेवली. मुलाने "हे मला का हवे" याचे उत्तर द्यावे, असा आग्रह बापाने जरूर धरावा. आणि "हे मी तुझ्यासाठी का मागतो" याचे उत्तर स्वतःही द्यावे. त्या उत्तरात 'लोक', 'वसाहत', 'साडू' असे शब्द आले की समजावे, येथे प्रेम संपून मोह सुरू झाला. फसव्या संस्थेत पैसे भरणे, ऐपतीबाहेर कर्ज काढणे, अशा ठिकाणी बापाने स्पष्ट नाही म्हणावे. तो त्याचा अधिकार आहे. पण त्या नकाराचे कारण घरच्या आणि बाहेरच्या वस्तुस्थितीत असावे, आपल्या मानपानात नसावे.

आता राहिला वारीचा प्रश्न. आम्ही त्या टाळकऱ्यास सांगितले, नेम मोठा आहे खरा. पण पुंडलिकाने काय केले ते आठव. दारात परब्रह्म उभे असता त्याने घरची सेवा सोडली नाही, वीट फेकली आणि थांबायला सांगितले. देव थांबला. तो अजून थांबलेलाच आहे. अर्जाची तारीख मात्र थांबत नाही. यंदा तुझी सेवा घरात आहे.

त्याचे डोळे भरून आले. आमची दिंडी निघाली तेव्हा तो वेशीपर्यंत पोहोचवायला आला आणि टाळ आमच्या हाती देऊन परत फिरला.

आषाढी पौर्णिमेच्या सुमारास पांडुरंग पंढरीहून धापेवाड्यास येतो, अशी आमच्या भागातील श्रद्धा आहे. ज्यांस पंढरपूर घडत नाही ते तेथे येतात. वारीहून परतल्यावर आम्ही तेथे गेलो, तर तो चंद्रभागेच्या काठी भेटला. सोबत मुलगी. म्हणाला, "बुवा, गेलो होतो कालेजात. पोट्टीनं तिथल्या मास्तरले संत्र्याच्या झाडाचं असं इचारलं, का म्या पाहतच राह्यलो. मले वाटे थे आळसानं डॉक्टरकी सोडते. फॉर्म तिनंच भरला. म्या फक्त दाखले पुरोले."

पुढे तिला नागपूरचे महाविद्यालय मिळाले नाही. मागच्या फेरीत अकोल्याचे मिळाले. तो पुन्हा अस्वस्थ झाला, "बुवा, अकोला लय दूर हाये." आम्ही म्हटले, "आणि पंढरपूर?" तो हसला. मुलगी आज तेथे शिकते आहे. पुढे तिचे कसे होईल, नोकरी लागेल की बाग फुलेल, ते आम्ही कसे सांगावे? सांगता येते ते एवढेच की, सुटीत ती थेट घरी येते. तिला दुसरी पायरी शोधावी लागत नाही.

सज्जनहो, आपण ज्या मूर्तीपुढे वर्षानुवर्षे उभे राहतो, तिचे हात कटीवर आहेत. ते लेकराला ढकलण्यासाठी पुढे आलेले नाहीत, ओढून घेण्यासाठीही नाहीत. तो नुसता उभा आहे, आणि कोणी केव्हाही आले तरी तेथेच सापडतो. यंदा ज्यांच्या घरी दाखल्यांची पिशवी खुंटीवर आहे, त्या आईबापांनी दर्शन घेताना तेवढे हात पाहून यावेत, ही कळकळीची विनंती.

रामकृष्णहरि.